इन्क्वायरी पद्धतीच्या इंटरनॅशनल शाळा: खर्च किती, शिकवणं कसं? (मराठवाडा)

गोदाकाठ

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड इथे नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या शाळा आहेत आणि अनेकांच्या माहितीपत्रकात ‘इन्क्वायरी बेस्ड’ (मुलांनी प्रश्न विचारत, स्वतः शोध घेत शिकणं) हा शब्द ठळक छापलेला असतो. पुढच्या वर्षाच्या प्रवेशांची विचारपूस दिवाळीच्या आसपास सुरू होते. त्याआधी पक्की माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा काढला आहे. पहिली ते बारावीचा खरा खर्च कसा काढायचा, आणि वर्गात नेमकं काय वेगळं होतं हे पालकाने कसं ओळखायचं, हे दोन मुख्य प्रश्न. शाळांची नावं नकोत. कागद, आकडे आणि पद्धत एवढंच लिहा.

खडूफळा

आधी नावाचा गुंता सोडवू. शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणजे ती परदेशी बोर्डाची आहे असं नाही. त्यातल्या पुष्कळ शाळा सीबीएसईच्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण फी कशाची भरतोय ते माहीत हवं.

खऱ्या अर्थाने इन्क्वायरीवर उभा असलेला अभ्यासक्रम म्हणजे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट). ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली. तिचे शालेय टप्पे असे: ३ ते १२ वर्षांसाठी पीवायपी (प्राथमिक टप्पा, १९९७ पासून), ११ ते १६ साठी एमवायपी (मधला टप्पा, १९९४ पासून) आणि शेवटची दोन वर्षं डिप्लोमा. मान्यता टप्प्यानुसार वेगळी मिळते. म्हणून एखाद्या शाळेकडे फक्त पीवायपी असू शकते आणि सहावीपासून मुलं सीबीएसईत जातात. ‘आमच्याकडे आयबी आहे’ असं सांगितलं की ‘कोणत्या टप्प्याची?’ हा पुढचा प्रश्न लगेच विचारायचा.

दुसरा शब्द ‘कँडिडेट स्कूल’. याचा अर्थ शाळेने अर्ज केला आहे आणि तयारी चालू आहे. मान्यता मिळेलच याची हमी नसते आणि हे शाळेनेही स्पष्ट लिहायचं असतं. आयबीच्या संकेतस्थळावर शहराचं नाव टाकून शोधता येतं, केंब्रिज या दुसऱ्या परदेशी बोर्डाचीही तशीच यादी आहे. त्या यादीत नाव नसेल आणि माहितीपत्रकात ‘आयबीवर आधारित’ असं लिहिलं असेल, तर ती शाळेची स्वतःची पद्धत आहे. ती चांगलीही असू शकते, पण आयबीची तपासणी तिथे होत नाही.

आणि शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदणीतला) मागा. नवीन शाळेचा असेल तर राज्य शासनाच्या मान्यतेचं पत्रही बघा. परदेशी बोर्ड असलं तरी इथली मान्यता लागतेच.

हिशेबनीस

खर्चाकडे येतो. पालक पहिल्या वर्षाचा आकडा बघून ठरवतात आणि तिथेच चुकतात. फी बारा वर्षं भरायची असते.

समजा पहिलीला वर्षाची फी १ लाख ८० हजार आहे. ती बारावीपर्यंत तेवढीच राहिली तर एकूण २१ लाख ६० हजार. दरवर्षी १० टक्के वाढली तर बारावीच्या वर्षी ती ५ लाख १३ हजारांच्या पुढे जाते आणि बारा वर्षांची बेरीज साधारण ३८ लाख ५० हजार होते. दर दोन वर्षांनी एकदाच १५ टक्के वाढ झाली तर बेरीज ३१ लाख ५० हजारांच्या आसपास थांबते. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या शाळेचे टाकून बघा. पण दोन्ही बेरजांमध्ये सात लाखांचा फरक फक्त वाढीच्या रीतीमुळे पडतो.

ही रीत शाळेच्या मर्जीवर सोडलेली नाही. महाराष्ट्रात शुल्क नियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा. त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेतून पालक घ्यायचे असतात, तेही सोडत काढून. पुढच्या वर्षाचा फीचा प्रस्ताव, हिशेबाच्या कागदांसह, सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. पटलं नाही तर विभागीय शुल्क नियामक समिती आहे. नंतरच्या दुरुस्तीने मात्र पालकांना तक्रारीसाठी किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात, एकट्याने अर्ज करून भागत नाही.

म्हणून भेटीच्या वेळी मागायचे कागद: मागच्या चार वर्षांचे फीपत्रक, कार्यकारी समितीच्या सदस्यांची यादी, आणि फी मंजूर केल्याच्या बैठकीचं इतिवृत्त. ज्या शाळेत हे व्यवस्थित चालतं ती शाळा दाखवायला कचरत नाही.

बालाघाट

हिशेबनीस, फीपत्रकात एकच आकडा नसतो. प्रवेश शुल्क, अनामत, टर्म फी, ॲक्टिव्हिटी फी, रिसोर्स फी अशी लांब यादी असते. त्यातलं परत काय मिळतं आणि दरवर्षी काय भरायचं, हे कसं वेगळं करायचं?

हिशेबनीस

कागदावर चार रकाने आखा. एकदाच भरायचं आणि परत न मिळणारं: प्रवेश शुल्क, नोंदणी. एकदाच भरायचं आणि परत मिळणारं: अनामत. ती कधी, किती दिवसांच्या पूर्वसूचनेवर आणि कोणत्या कपातीनंतर मिळते, ते लेखी घ्या. ‘एक टर्म आधी सांगावं लागेल’ ही अट बारीक अक्षरांत असते आणि बदली झालेल्या नोकरदारांचे पैसे तिथेच अडकतात. तिसरा रकाना दरवर्षीचा: शिकवणी, वाचनालय, साहित्य, टॅबलेट किंवा लॅपटॉप, गणवेश. चौथा रकाना ‘होईल तेव्हा’ होणाऱ्या खर्चाचा: सहली, शिबिरं, बाहेरच्या स्पर्धा, डिप्लोमाची परीक्षा फी. ही परीक्षा फी दर विषयाला डॉलरमध्ये आकारतात, म्हणजे रुपया घसरला की ती आपोआप वाढते.

बसचं वेगळं बघा. शाळा गावाबाहेर, बीड बायपासपलीकडे किंवा हायवेलगत असली की बस टाळता येत नाही. महिना ३,००० धरले तर १० महिन्यांचे ३० हजार, पण काही ठिकाणी ११ किंवा १२ महिन्यांचे घेतात. विचारायचं.

जीएसटीबद्दल गैरसमज फार आहेत. पूर्वप्राथमिक ते उच्च माध्यमिक शाळा विद्यार्थ्यांना जी शिक्षणसेवा देते ती करमुक्त आहे, फीवर जीएसटी लागत नाही. आयकरात जुनी पद्धत निवडली असेल तर दोन मुलांपर्यंत फक्त शिकवणी शुल्काची वजावट मिळते, तीही दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. बस, विकास निधी, देणगी त्यात येत नाही. म्हणून पावतीवर शिकवणी शुल्क स्वतंत्र ओळीत छापून घ्या.

आणि देणगी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, घेतल्यास त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेऊन निवडायलाही त्याच कलमाने मनाई आहे. ‘ओळख-भेट’ या नावाखाली आईवडिलांचं इंग्रजी तपासत असतील तर ते कायद्यात बसत नाही.

खडूफळा

आता वर्गातलं. पीवायपीत वर्षभर विषयवार धडे नसतात, सहा मोठ्या सूत्रांखाली सहा युनिट असतात (अगदी लहान गटांना कमी चालतात). सूत्रं मराठीत साधारण अशी: आपण कोण आहोत, आपण कुठे आणि कोणत्या काळात आहोत, आपण स्वतःला कसं व्यक्त करतो, जग कसं चालतं, आपण व्यवस्था कशी लावतो, पृथ्वी सर्वांची. प्रत्येक युनिटला एक मध्यवर्ती विधान, त्याखाली तीन-चार चौकशीच्या दिशा आणि काही संकल्पना, उदाहरणार्थ कारण, बदल, जबाबदारी.

लातूरच्या चौथीच्या वर्गासाठी पाण्याचं एक युनिट मांडतो. विधान: ‘पाणी कुणाला किती मिळतं हे पावसाइतकंच माणसांच्या निर्णयांवर ठरतं.’ सहा आठवडे.

पहिल्या आठवड्यात २० लिटरचा एक जार वर्गात ठेवायचा आणि दिवसभर पिणं, हात धुणं, फळा पुसणं सगळं त्यातूनच. दुपारी पाणी संपतं आणि प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न मुलांच्याच शब्दांत, तारीख टाकून भिंतीवर लावायचे. दुसऱ्या आठवड्यात माहिती: घरचा नळ किती दिवसांनी येतो, टाकी किती लिटरची, धरणात साठा किती. तिसऱ्या आठवड्यात ही माहिती तक्ते आणि आलेखांत लावायची. इथे गणित खऱ्या अर्थाने घुसतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८२ हजार होती. भागाकार करा: माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर. मूल हा आकडा २० लिटरच्या जारशेजारी ठेवतं तेव्हा त्याला दशांश अपूर्णांकाचा अर्थ कळतो.

चौथा आठवडा खोलात जाण्याचा. संभाजीनगरची शाळा असेल तर पाणचक्की आणि नहर-ए-अंबरी बघायची: पंप नसताना दूरवरून पाणी शहरात कसं आणलं? उतार, मातीची नळी, दाब. पाचव्यात मुलं निष्कर्ष लिहितात, मूळ विधानाशी सहमत-असहमत होतात. सहाव्यात कृती आणि मूल्यमापन. कृती म्हणजे ‘पाणी वाचवा’चं पोस्टर नव्हे. शाळेतल्या गळक्या नळाखाली मापं ठेवून तासाला किती मिली जातं ते मोजणं, आकडा मुख्याध्यापकांना देणं आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणं, ही कृती.

पाटीपेन्सिल

युनिट छान आहे, पण बिघडतं कुठे तेही लिहायला हवं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शेवट शिक्षकाने आधीच ठरवलेला असतो. मुलांनी काहीही विचारलं तरी सहाव्या आठवड्यात थर्माकोलचं धरणच होणार. भिंतीवर २५ सारखी धरणं दिसली तर ती इन्क्वायरी नाही, आणि बरीचशी घरी आईवडिलांनी केलेली असतात.

दुसरी चूक उलट्या टोकाची. मुलांना प्रश्न विचारायला सांगतात पण उत्तर शोधायला लागणारं ज्ञान देत नाहीत. घनफळ माहीत नसलेलं मूल टाकीचे लिटर काढू शकत नाही. नवशिक्या मुलाला आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं लागतात, मग अर्धी सोडवलेली, मग मोकळी. चांगला इन्क्वायरी शिक्षक युनिटच्या मध्येच थांबतो आणि तीन दिवस सरळ फळ्यावर शिकवतो. त्याला कमीपणा वाटत नाही.

तिसरी गोष्ट वाचन-लेखन आणि पाढे. ही कौशल्यं युनिटमधून आपोआप येत नाहीत. रोज वेगळा वेळ लागतो: पहिली-दुसरीत अक्षर-आवाजाची जोडणी, उजळणी, रोजचं मोठ्याने वाचन. शाळेला विचारा, ‘युनिटबाहेर भाषा आणि गणिताला आठवड्याला किती तास?’ उत्तर ‘सगळं एकात्मिक आहे’ एवढंच आलं तर सावध व्हा.

चौथी, भाषा. घरी मराठी किंवा दखनी बोलणारं लेकरू इंग्रजीत प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून गप्प बसतं, आणि अहवालात ‘जिज्ञासा कमी’ असं लिहून येतं. पीवायपीला घरच्या भाषेत विचार केलेला चालतो, उलट ती अपेक्षाच आहे. भिंतीवरच्या प्रश्नांत मराठी प्रश्न दिसतात का ते बघा. शिवाय २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची आहे. आठवड्याला एक तास रंगकाम करून मराठी ‘झाली’ असं होत नाही ना, ते वह्या बघून कळतं.

बालाघाट

पण हेच आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावाद म्हणून चालतं ना? फरशीवर आखलेले तक्ते, गटात शिकणं. मग लाखभर रुपये कशाचे?

पाटीपेन्सिल

मुळं जवळचीच आहेत. हाताने काम करत शिकण्याचा विचार नई तालीमच्या रूपाने १९३७ मध्ये वर्ध्यातच मांडला गेला, आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचतं ही भूमिका घेतली. ज्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजी-बाई मनापासून करतात तिथे हे फुकट मिळतं. खाजगी शाळेत पैसे पद्धतीचे नसतात. ते लहान वर्ग, दुसरा शिक्षक, नियोजनाचा वेळ आणि प्रशिक्षण यांचे असायला हवेत.

हिशेबनीस

याचाच हिशेब करून बघू. २५ मुलांचा वर्ग, फी १ लाख ८० हजार: एका वर्गातून वर्षाला ४५ लाख. वर्गशिक्षिकेला महिना ३५ हजार म्हणजे ४ लाख २० हजार. मदतनीस शिक्षिकेला १८ हजार म्हणजे २ लाख १६ हजार. संगीत, खेळ, मराठी, वाचनालय यांचा वाटा ४ लाख. बेरीज १० लाख ३६ हजार, म्हणजे जमा झालेल्या पैशाच्या २३ टक्के. उरलेले इमारत, जमीन-कर्ज, बोर्डाचं वार्षिक शुल्क (तेही डॉलरमध्ये), जाहिरात, नफा यांत जातात. धरलेले आकडे आहेत हे पुन्हा सांगतो. पण शाळेने कार्यकारी समितीला दिलेल्या हिशेबात शिक्षकांच्या पगाराचा टक्का दिसतो, आणि मला तरी तोच एक आकडा सगळ्यात बोलका वाटतो. एसी वर्ग आणि जलतरण तलाव असलेल्या शाळेत शिक्षक दर जूनला बदलत असतील तर युनिट दरवर्षी शून्यापासून सुरू होतं.

खडूफळा

सहमत. भेटीत मुख्याध्यापकांना हे विचारा: ‘तीन वर्षांपूर्वी प्राथमिक विभागात असलेल्या शिक्षकांपैकी आज किती इथे आहेत?’ आणि ‘शिक्षकांची एकत्र नियोजनाची वेळ आठवड्यात कधी असते?’ पीवायपीत एकत्र नियोजन ही अटच आहे, वेळापत्रकात तो तास दिसायला हवा. मग एका चालू युनिटचा प्लॅनर (शिक्षकांनी केलेली लेखी आखणी) बघायला मागा. त्यात आधीच्या वर्षाच्या नोंदी, ‘हे चाललं नाही, पुढच्या वेळी असं करू’ असं खरडलेलं असेल तर शाळा खरोखर काम करते आहे. कोरा, सुबक छापलेला प्लॅनर तपासणीपुरता असतो.

मांजराकाठ

लातूर-नांदेडच्या पालकांचा खरा प्रश्न अजून आला नाही: पुढे नीट, जेईईचं काय? इथे घरोघरी तोच विचार असतो.

नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. प्रश्न एनसीईआरटीच्या ओळीओळीतून येतात. एमवायपीत विज्ञानाचं मूल्यमापन चार निकषांवर असतं: ज्ञान, चौकशी आखणं, आकडेवारी तपासणं, विज्ञानाच्या परिणामांवर विचार. प्रत्येकाला ८ गुण. चारपैकी एकच निकष सरळ ज्ञानाचा आहे. म्हणून अशा शाळेतून अकरावीला लातूरच्या क्लासमध्ये आलेल्या मुलाला समज असते, पण वेग आणि एनसीईआरटीचे तपशील कमी पडतात. नववीपासूनच एनसीईआरटीची नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं समांतर वाचून काढावीत, आणि दहावीत आठवड्याला एक वेळ लावलेली बहुपर्यायी चाचणी. एवढ्याने बरंच अंतर भरतं.

डिप्लोमा करून नीट द्यायची असेल तर एक मोठा खड्डा आहे. डिप्लोमात सहा गटांतून सहा विषय घ्यायचे असतात आणि नेहमीच्या रचनेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र ही तिन्ही एकत्र बसत नाहीत. त्यासाठी ‘नॉन-रेग्युलर डिप्लोमा’ची परवानगी शाळेने आयबीकडून घ्यावी लागते. हे अकरावी सुरू होण्याआधी ठरवायचं, नंतर विषय बदलता येत नाहीत असं समजूनच चाला. दुसरं म्हणजे मे सत्राचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो. प्रवेशाच्या फेऱ्यांची कागदपत्रं त्याच सुमारास लागतात, त्यामुळे एआययूचं (भारतीय विद्यापीठ संघाचं) समकक्षता प्रमाणपत्र काढायला दिवस मोजकेच उरतात.

गोदाकाठ

नांदेडकडचे बरेच पालक हैदराबादच्या निवासी शाळांचा विचार करतात. त्यांनी काय बघायचं?

मांजराकाठ

राज्याच्या ८५ टक्के वैद्यकीय जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. ७०:३० चा विभागीय कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्ये रद्द झाला, पण ही अट आहे. हैदराबादेत दहावी केली की सरकारी महाविद्यालयाची स्वस्त जागा हातची जाऊ शकते. सवलतीचे अपवाद मोजके आहेत, त्यात आपण बसतो का ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून मगच अनामत भरा. अभियांत्रिकीच्या प्रवेशातही दहावी-बारावी कुठून झाली यावर उमेदवाराचा प्रकार ठरतो.

बालाघाट

शेवटची शंका. पाचवीनंतर शाळा परवडली नाही आणि मूल सेमी-इंग्रजीत आणायचं ठरलं तर?

पाटीपेन्सिल

पाचवी-सहावीत बदल सोपा जातो, आठवी-नववीत जड. प्रवेश वयानुसार मिळतो, अडवता येत नाही. त्रास तीन ठिकाणी होतो: मराठी लेखनाचा वेग, भागाकाराची उभी मांडणी, आणि इतिहास-भूगोलातली नावं-सनावळी. एप्रिल-मेचे आठ आठवडे रोज पाऊण तास दिला, त्यात एक पान मराठी शुद्धलेखन आणि दहा उदाहरणं, तर जूनपर्यंत मूल रुळतं. प्रश्न विचारायची सवय मात्र नवीन वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवा, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तिला आगाऊपणा समजलं जातं आणि लेकरू मिटतं.

कागदांत शाळा सोडल्याचा दाखला, मूळ जन्मदाखला, आधार आणि सरल-यू-डायसवरचा विद्यार्थी क्रमांक घ्या. जुनी शाळा तो ऑनलाइन ‘रिलीज’ करत नाही तोवर नव्या शाळेच्या पटावर नाव चढत नाही. फी बाकी आहे म्हणून दाखला अडवला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अनामतीचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्यायचा, दाखल्याच्या अर्जातच तो लिहिला तर दोन्ही कामं एकमेकांत अडकतात.